जरा बॅटरी मार ना यार!

फोनमध्ये टॉर्च असताना वेगळी टॉर्च कशाला? हा प्रश्न तुम्हालाही पडत असेल, तर पुढची दहा मिनिटं आम्हाला द्या. बोटाएवढी टॉर्च निवडायची कशी आणि मारायची कशी, याचा हा सगळा फंडा!

ऑफिसला निघताना आपला एक ठरलेला कार्यक्रम असतो. मोबाइल? घेतला. पाकीट? घेतलं. आयकार्ड? गळ्यात. किल्ल्या? अरे, किल्ल्या कुठेत... हां, सापडल्या! इअरबड्स, चार्जर, डबा, पाण्याची बाटली. पावसाळा असेल तर छत्री. झालं, निघालो.

या यादीत टॉर्च कुठेच नाही. कारण टॉर्च म्हटलं की डोळ्यांपुढे येतो तो आजोबांच्या उशाशी ठेवलेला, तीन जाड सेलचा, चकचकीत पत्र्याचा दांडा. 'टॉर्च कसली रे, बॅटरी म्हण!' असं दटावणारी ती पिढी. आज तिशीच्या आसपास असलेल्या आपल्यातल्या बऱ्याच जणांनी लोडशेडिंगच्या दिवसांत शाळेचा अभ्यास मेणबत्ती आणि बॅटरीच्या उजेडात केलाय. पुढे लोडशेडिंग कमी झालं, फोनमध्ये टॉर्च आली आणि घरातली बॅटरी गेली माळ्यावर. आता तिच्यातले सेल फुटून पांढरी पावडर झाली असेल, लावता पैज?

पण हीच वस्तू गेल्या काही वर्षांत नव्या अवतारात पुन्हा खिशात यायला लागलीय. लिपस्टिकएवढी, पेनाएवढी, फार तर अंगठ्याएवढी जाड. हिच्या शौकिनांचा एक अख्खा पंथच आहे. 'एव्हरीडे कॅरी', शॉर्टमध्ये ईडीसी, म्हणजे रोज अंगावर बाळगायच्या वस्तू. या मंडळींच्या खिशात पेनाच्या शेजारी टॉर्च असतेच. शौकिनांचं सोडा. प्रश्न आहे तुमचा-माझा. आपल्याला ती खरंच लागते का?

'फोन आहे की!'

आहेच. आणि खोटं कशाला बोलू, छोट्या कामांना फोनची टॉर्च मस्त आहे. कुलपाचं भोक शोधायला, सोफ्याखालचा रिमोट काढायला, हॉटेलातलं मेन्यूकार्ड वाचायला एकदम बेस्ट.

पण मुळात तो कॅमेऱ्याचा फ्लॅश आहे. त्याचा उजेड साधारण ५० ल्युमेनच्या आसपास आणि तोही चहूकडे पसरलेला. त्याला झोत नसतो. त्यामुळे आठ-दहा पावलांपलीकडे त्याची ताकद संपते. पावसात स्क्रीन ओली झाली की बोट नीट लागत नाही. फोन धरायला एक हात जातो. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, लाइट जातात तेव्हा फोनची बॅटरी ही सगळ्यात मौल्यवान गोष्ट असते. तीच आपण उजेडासाठी जाळत बसतो.

१२ ऑक्टोबर २०२० आठवतोय? सोमवारी सकाळी दहाच्या सुमारास मुंबई आणि आसपासच्या मोठ्या भागातली वीज गेली. लोकल जागच्या जागी थांबल्या, लोक रुळांवर उतरून चालायला लागले. दिवस होता म्हणून निभावलं. हेच रात्री झालं असतं तर? त्याच वर्षी ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. तिथल्या कित्येक गावांत वीज यायला आठवडे लागले. आणि २६ जुलै २००५ तर मुंबईकर विसरूच शकत नाहीत. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस आणि काळोखात कमरेएवढ्या पाण्यातून चालत घरी निघालेली माणसं.

एवढं लांब कशाला, गेल्या पावसाळ्यात आमच्या बिल्डिंगमध्ये जे झालं ते सांगते. रात्रीचे साडेअकरा. लाइट गेलेले, लिफ्ट बंद. चौथ्या मजल्यावरच्या आजींच्या छातीत दुखायला लागलं. १०८ ला फोन केला, ॲम्ब्युलन्स आलीही. आता आजींना खाली न्यायचं कसं? प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून. चौघांनी खुर्ची उचलली, म्हणजे आठ हात गुंतले. मी आणि शेजारची मुलगी फोनचे टॉर्च धरून पुढे-मागे. दुसऱ्या जिन्यावर तिचा फोन मान टाकायला आला आणि त्यानं टॉर्चच बंद केली. तेवढ्यात माझा फोन वाजला. ॲम्ब्युलन्सचे ड्रायव्हर. 'ताई, कुठली विंग?' फोन कानाला लावला की उजेड जातो भिंतीवर आणि पायऱ्या अंधारात. खुर्ची जिन्यात अडली. 'अगं, लाइट खाली धर!' असा एकच गलका.

शेवटी आमचे वॉचमनकाका धावत वर आले. त्यांच्या शर्टाच्या खिशाला एक छोटी टॉर्च लावलेली असते. ती त्यांनी टोपीच्या कडेला अडकवली, उजेड कमी केला आणि खुर्चीचा पुढचा पाय स्वतः धरला. 'आजी, घाबरू नका हं. आता वळण आहे. आता पाचच पायऱ्या.' त्यांची मान वळेल तिकडे उजेड आणि दोन्ही हात मोकळे. दोन मिनिटांत आजी गेटपाशी होत्या. आठवड्यानं सुखरूप घरीही आल्या.

काकांची टॉर्च काही भारीतली नव्हती. पण तिच्यात तीन गुण होते. एक, ती घरी ड्रॉवरमध्ये नव्हती, अंगावर होती. दोन, तिला क्लिप होती. आणि तीन, तिचा उजेड कमी करता येत होता. टॉर्च घेताना आधी या तीन गोष्टी बघा. ल्युमेनचा आकडा त्यानंतर!

ल्युमेनचा घोळ

पण दुकानात गेलात किंवा ऑनलाइन सर्च मारलात की पहिला हल्ला होतो तो आकड्यांचाच. '५०,००० ल्युमेन!' 'एक लाख ल्युमेन!' किंमत? रुपये ३९९ फक्त. बॉस, जरा थांबा.

ल्युमेन म्हणजे टॉर्चमधून बाहेर पडणारा एकूण उजेड. अंदाज हवा असेल तर आपला जुना ६० वॅटचा पिवळा बल्ब आठवा. तो साधारण ८०० ल्युमेन द्यायचा आणि अख्खी खोली उजळायचा. पन्नास हजार ल्युमेन म्हणजे असे साठहून जास्त बल्ब बोटाएवढ्या नळीत. शक्य आहे का?

थाप पकडायला एक सोप्पा हिशेब आहे. चांगल्या एलईडी टॉर्चला एका वॅटमागे साधारण १०० ल्युमेन धरा. म्हणजे १००० ल्युमेनला १० वॅट लागणार. आता सेलमध्ये माल किती ते बघा. व्होल्टला अँपिअर-तासानं गुणलं की वॅट-तास मिळतात. रिचार्ज होणारा डबल ए, म्हणजे आपला मोठा पेन्सिल सेल, १.२ व्होल्टचा आणि २००० एमएएचचा असेल तर झाले २.४ वॅट-तास. त्यावर १०० ल्युमेन दोन-सव्वादोन तास मिळतील. एकाच पेन्सिल सेलवर '१००० ल्युमेन, ५ तास' असं बॉक्सवर लिहिलं असेल तर हसा आणि पुढे चला.

चांगल्या कंपन्यांच्या बॉक्सवर बऱ्याचदा 'एएनएसआय एफएल १' असं लिहिलेलं असतं. हे २००९ मध्ये आलेलं अमेरिकेतलं स्टँडर्ड. सगळ्यांनी एकाच फूटपट्टीनं मोजावं म्हणून. पण या फूटपट्टीतही दोन गमती आहेत.

पहिली गंमत वेळेची. 'रनटाइम ३ तास' म्हणजे पूर्ण उजेड तीन तास नव्हे. उजेड सुरुवातीच्या १० टक्क्यांवर येईपर्यंतचा तो वेळ आहे. छोट्या टॉर्चचा टर्बो मोड म्हणजे एक-दोन मिनिटांचा खेळ. एवढीशी नळी तापते, आतलं सर्किट उजेड खाली आणतं. ते बिघाड नव्हे, तसंच व्हायला हवं. नाही तर हात भाजेल!

दुसरी गंमत अंतराची. 'बीम डिस्टन्स १०० मीटर' याचा अर्थ १०० मीटरवर पौर्णिमेच्या चांदण्याएवढा उजेड पडतो. शास्त्रीय भाषेत पाव लक्स. तेवढ्यात कोणीतरी उभं आहे एवढं कळेल, ओळखीचं आहे का ते कळणार नाही. निम्म्या अंतरावर उजेड चौपट होतो, म्हणून बॉक्सवरचा आकडा सरळ अर्धा करून वाचा. लांबवर मारा करायची ही ताकद 'कँडेला'मध्ये मोजतात. ल्युमेन तेवढेच, पण आरसा खोल असेल तर झोत बारीक होतो आणि कँडेला वाढतात. रोजच्या वापराला मात्र बारीक झोत उपयोगाचा नाही. पायापाशी आणि आजूबाजूला एकसारखा पसरणारा उजेड हवा.

आणखी एक. ल्युमेन दुप्पट झाले म्हणून डोळ्यांना उजेड दुप्पट वाटत नाही. दुप्पट वाटायला साधारण चौपट ल्युमेन लागतात. त्यामुळे ३०० आणि ४०० मधला फरक तुम्हाला कळणारसुद्धा नाही. उगाच पैसे कशाला घालवायचे?

मंद तेच मस्त

मग बघायचं काय? तर सगळ्यात कमी उजेड किती ते! हटके वाटेल, पण रोजच्या टॉर्चची खरी परीक्षा इथेच होते.

आपल्या डोळ्यांना अंधाराला पूर्ण सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात. एकदा सरावले की अर्धा-एक ल्युमेनही पुरतो. मध्यरात्री पाणी प्यायला उठलात आणि भसकन ३०० ल्युमेन मारले की सरावलेले डोळे गेले, झोप गेली आणि शेजारी झोपलेल्या रूममेटच्या शिव्या मिळाल्या त्या वेगळ्याच. स्लीपर कोचमध्ये रात्री वरच्या बर्थवरून चप्पल शोधायचीय, तान्ह्या बाळाची बाटली बघायचीय, इथे मंदच हवा. चांगल्या कंपन्या याला 'मूनलाइट' मोड म्हणतात. त्यावर छोटीशी टॉर्चसुद्धा दिवसच्या दिवस चालते.

ढोबळ मानानं असं लक्षात ठेवा. अर्धा ते दोन ल्युमेन, झोपलेल्या घरासाठी. पाच ते वीस, लाइट गेल्यावर घरात वावरायला, वाचायला, जिना उतरायला. पन्नास ते शंभर, रस्त्यावर चालायला. तीनशे आणि वर, पार्किंगच्या टोकाला कोण उभं आहे ते क्षणभर बघायला. म्हणजे कमाल तीनशे-चारशे ल्युमेन असले तरी आपलं काम झालं. पण किमान पाचच्या खाली जायलाच हवी.

आणि बटण दाबल्यावर कुठला मोड आधी लागतो, तेही दुकानातच बघा. आधी मंद, मग मध्यम, मग फुल्ल, ही सगळ्यात शहाणी रांग. काही टॉर्च शेवटचा मोड लक्षात ठेवतात, तेही चालेल. पण प्रत्येक वेळी लखलखत डोळ्यांत घुसणारी आणि मध्येच लुकलुकणारा स्ट्रोब लावणारी टॉर्च असेल तर नमस्कार करून परत द्या.

सेल कुठला, भाऊ?

दोन पंथ आहेत. पहिला, सेल बदलण्याचा. ट्रिपल ए म्हणजे रिमोटचा बारीक सेल आणि डबल ए म्हणजे भिंतीवरच्या घड्याळातला. फायदा असा की गल्लीतल्या किराणा दुकानापासून गडाच्या पायथ्याच्या टपरीपर्यंत कुठेही मिळतो. तोटा एकच. साधे अल्कलाइन सेल महिनोन् महिने तसेच पडले की फुटतात आणि टॉर्च खातात. म्हणून रोज वापरणार असाल तर रिचार्ज होणारे निकेल-मेटल-हायड्राइड सेल घ्या. 'लो सेल्फ डिस्चार्ज' लिहिलेले असतील तर उत्तम, ते पडून राहिले तरी चार्ज धरून ठेवतात.

दुसरा पंथ लिथियम-आयनचा. यातला सगळ्यात गाजलेला सेल १८६५०. हा काही मॉडेल नंबर नव्हे, माप आहे. जाडी १८ मिलिमीटर, लांबी ६५. तसाच १४५००, म्हणजे जाडी १४ आणि लांबी ५०, डबल एएवढाच. ताकद भरपूर. हल्ली बऱ्याच टॉर्चना थेट यूएसबी-सीचं भोक असतं, म्हणजे फोनचाच चार्जर चालतो. पण लिथियमशी मस्ती नको. १४५०० आणि डबल ए दिसायला जुळे भाऊ असले तरी एक ३.७ व्होल्टचा आणि दुसरा दीड. टॉर्चच्या माहितीपत्रकात दोन्ही चालतात असं लिहिलं असेल तरच अदलाबदल करा. १८६५० वर '९९०० एमएएच' असं छापलं असेल तर ती शुद्ध थाप. या मापाचे खरे चांगले सेल साडेतीन-चार हजारांच्या आसपासच थांबतात. वरचं प्लॅस्टिक फाटलेला किंवा फुगलेला सेल वापरू नका. सुटे सेल किल्ल्या-नाण्यांसोबत खिशात टाकू नका, शॉर्ट झाले की आग. आणि विमानानं जाताना सुटे लिथियम सेल चेक-इन बॅगेत नाही, हँडबॅगेतच!

माझा सल्ला विचाराल तर फोनसारखं चार्जिंग लक्षात राहत असेल तर यूएसबी-सी. विसराळू असाल, ट्रेकला जात असाल किंवा टॉर्च आई-बाबांसाठी घेत असाल तर सरळ पेन्सिल सेलवाली.

छोट्या गोष्टी, मोठा फरक

क्लिप : दोन्ही बाजूंनी अडकणारी असेल तर बहार. खिशाला लावली की टॉर्च, टोपीला लावली की हेडलॅम्प.

बटण : शेपटीला कट्टकन दाबायचं बटण अंधारातही लगेच सापडतं. बाजूचं इलेक्ट्रॉनिक बटण मोड बदलायला सोपं, पण खिशात चुकून दाबलं जाऊ शकतं. फुल्ल उजेडावर लागली तर पँटला चटका बसेल एवढी तापते. त्यावर उपाय म्हणजे लॉक. बहुतेक धातूच्या टॉर्चमध्ये शेपटी पाव वेढा सैल केली की कनेक्शनच तुटतं. बॅगेत टाकण्याआधी ही सवय लावून घ्या.

पाणी : 'आयपीएक्स४' म्हणजे शिंतोडे झेलते. 'आयपीएक्स७' म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास तगते. आपल्या पावसाळ्यात सातच्या खाली जाऊ नका.

रंग : स्वस्त टॉर्चचा उजेड निळसर पांढरा असतो, त्यात सगळं भुतासारखं दिसतं. पांढरा एलईडी हा मुळात निळा एलईडी असतो, त्यावर पिवळ्या फॉस्फरचा थर देऊन तो पांढरा करतात. ज्या निळ्या एलईडीमुळे हे जमलं, तो बनवणाऱ्या तिघा शास्त्रज्ञांना २०१४ मध्ये फिजिक्सचं नोबेल मिळालं. असो! बॉक्सवर ४००० ते ५००० केल्विन लिहिलं असेल तर रंग डोळ्यांना बरा वाटतो. 'सीआरआय ९०' किंवा जास्त असेल तर वस्तूंचे खरे रंग दिसतात. फ्यूजच्या डब्यातली लाल वायर आणि चॉकलेटी वायर ओळखायची वेळ आली की याची किंमत कळते.

कितीला आणि कुठून?

फिनिक्स, ऑलाइट, नाइटकोर, सोफर्न ही ईडीसीवाल्यांच्या तोंडी असलेली नावं. नावाजलेल्या कंपनीची पेन्सिल सेलवाली टॉर्च साधारण दीड ते तीन हजारांत बसते. १८६५० वाली त्याहून थोडी वर. एवढं बजेट नसेल तर मुंबईत लोहार चाळ आणि पुण्यात तपकीर गल्ली आहेच. चार-पाचशेतही कामचलाऊ टॉर्च मिळते, फक्त हातात घेऊन बघा. बॉक्सवरचा आकडा विसरा. काउंटरखालच्या अंधारात मारा. मध्येच काळा डाग दिसतोय का? सगळ्यात मंद मोडवर फोनचा कॅमेरा धरा. स्क्रीनवर पट्टे पळताना दिसले तर उजेड फडफडतोय, रोज वाचलंत तर डोकं धरेल. शेपटी उघडून बघा, रबरी रिंग आहे ना? आणि टॉर्च तुमच्या खिशात टाकून चार पावलं चाला. टोचली, तर दुसऱ्या दिवसापासून ती घरीच राहणार. मग पाच हजारांची असली तरी काय उपयोग?

मारायची कशी?

यात काय शिकायचं, असं म्हणाल. आहे, शिकण्यासारखं आहे.

लाइट गेल्यावर टॉर्च टेबलावर उभी करून छताकडे मारा. पांढऱ्या छतावरून उजेड सगळ्या खोलीत पसरतो. जेवण, पत्ते, गप्पा सगळं होतं आणि कोणाच्या डोळ्यांत जात नाही.

चालताना झोत दोन-तीन पावलं पुढे, जमिनीवर ठेवा. समोरून येणाऱ्याच्या किंवा बाइकवाल्याच्या तोंडावर मारू नका, त्याला काही क्षण काहीच दिसत नाही. कोणाला जिना उतरवत असाल तर उजेड तुमच्या नाही, त्यांच्या पायांपुढे पडायला हवा.

फार्महाउस, गाव, ट्रेक. इथे टॉर्च ही चैन नाही. भारतात सर्पदंशानं २००० ते २०१९ या काळात वर्षाला सरासरी ५८ हजार माणसं गेली असा संशोधकांचा अंदाज आहे. मण्यार तर रात्रीच फिरते. अंधारात पाऊल टाकण्याआधी तिथे उजेड टाका. बूट घालण्याआधी आत बघा. लाकडं, दगड, गवतात हात घालण्याआधी बघा. आणि चावलाच, तर कापाकापी आणि आवळपट्टी न करता थेट हॉस्पिटल.

ट्रेकला वाट चुकलात तर गिर्यारोहकांची जुनी खूण लक्षात ठेवा. एका मिनिटात सहा वेळा उजेड, मग एक मिनिट थांबा, पुन्हा सहा. मिनिटाला तीन वेळा उजेड आला तर समजा, तुम्हाला कोणीतरी बघितलंय.

उलट, मे-जूनमध्ये भंडारदरा, पुरुषवाडीला काजवे बघायला जाल तेव्हा टॉर्च खिशातच ठेवा. काजव्यांचा उजेड म्हणजे त्यांचं एकमेकांशी बोलणं. आपल्या झोतात ते बंद पडतं. वाट दिसत नसेल तर काचेवर लाल जिलेटिन लावा, सगळ्यात मंद मोड, तोही जमिनीकडे.

आणि मुलींनो, रात्री उशिरा घरी येताना टॉर्च हातात असू द्या. ती शस्त्र नाही, जाहिरातीत स्ट्रोब मोडला काहीही म्हणोत. पण पुढे काय आहे ते आधी दिसतं, तुम्ही रिक्षावाल्याला लांबून दिसता आणि ११२ लावायला फोन मोकळा राहतो. हे काही कमी नाही.

चौकट : पैसे देण्याआधी सात प्रश्न

१. रोज खिशात मावेल का?
२. सगळ्यात मंद मोड पाच ल्युमेनच्या खाली जातो का?
३. पहिल्यांदा बटण दाबल्यावर मंद लागते का?
४. क्लिप टोपीला बसते का?
५. सेल किंवा केबल माझ्याकडे आधीपासून आहे का?
६. आयपीएक्स७ आहे का?
७. मॅन्युअल न वाचता आईला लावता येईल का?

सातपैकी सहांना 'हो' आलं तर डोळे झाकून घ्या. सातव्याला 'नाही' आलं तर स्वतःसाठी घ्या, आईसाठी दुसरी बघा.

आणि हो, आईसाठी दुसरी खरंच घ्या. आपण नोकरीच्या गावी, ते दोघं घरी. तिकडे रात्री लाइट गेले तर बाबा फोन शोधत भिंतीला धरून चालणार आणि फोन असणार हॉलमध्ये चार्जिंगला. या वेळी घरी जाल तेव्हा मिठाईच्या बॉक्ससोबत दोन पेन्सिल सेलवाल्या टॉर्च न्या. एक त्यांच्या उशाशी, एक बाथरूमच्या दाराशी खिळ्याला. सेल घाला, बटण दाखवा, दोनदा त्यांच्याकडून लावून घ्या. महिन्यातून एकदा फोनवर 'जेवलात का?' विचारता, तेव्हाच हेही विचारा, 'बॅटरी लागतेय ना?'

दोघांच्या मिळून तीन-चार हजारांत होतं. तुमची स्वतःची त्यात धरून अजून थोडे. वीकएंडच्या एका पार्टीचं बिल! तेव्हा मंडळी, लाइट जायची वाट कशाला बघताय?